पाहिलं, की नुसती सही केली?

लेडीज हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, बादली आधी कुठे तुटते? बूड शाबूत असतं, काठ शाबूत असतो, तुटते ती कडी. तीही मधोमध तुटत नाही, जिथे बादलीच्या कानात अडकते तिथे तुटते. सकाळी सातची वेळ, गरम पाण्याची रांग, भरलेली बादली उचलून निघावं आणि चौथ्या पावलाला कडी हातात, पाणी पायावर! काल तीच बादली होती, पाणी तेवढंच होतं, उचलणारीही तीच. मग आजच का?

हा प्रश्न ज्याला मनापासून पडला त्याला फटीग समजला असं मी म्हणेन. 'धातूचा थकवा' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं. धातू कशाने थकेल? तो काय एसटीने रोज अप-डाऊन करतो? पण करतो की! उचल, ठेव, उचल, ठेव. एकेका ओझ्याने काहीच होत नाही. कानाजवळ एक बारीकशी चीर पडते, दर उचलीला नकळत पुढे सरकते, आणि उरलेला धातू ओझ्याला पुरेनासा झाला की एका सकाळी सगळं एकदम. एसओएमच्या पेपरात 'एस-एन कर्व्ह काढून स्पष्ट करा, आठ मार्क' असा हा प्रश्न येतो. आपण कर्व्ह काढतो, आठपैकी सहा मिळतात, विषय संपतो.

यंदा सेमिनारला मी 'म्हाताऱ्या विमानांचा फटीग' हा विषय घेतला. खरं सांगायचं तर सोपा वाटला म्हणून घेतला. चित्रं भरपूर, गणितं कमी! पण वाचता वाचता जे हाती लागलं ते सेमिनारच्या वीस मिनिटांत बसेना, आणि त्यातलं काही सेमिनारमध्ये सरांसमोर बोलायचं धाडसही झालं नाही. म्हणून संपादकांकडे ही पानं मागितली.

गोष्ट हवाईची आहे. २८ एप्रिल १९८८. अलोहा एअरलाइन्सचं बोईंग ७३७-२०० जातीचं विमान हिलोहून होनोलुलूला निघालं. हवाई म्हणजे बेटं; एका बेटावरून दुसऱ्यावर जायला विमान, आपल्याकडे तालुक्याला एसटी जाते तसं. विमानात ९० प्रवासी आणि ५ कर्मचारी. २४,००० फुटांवर पोचलं आणि मोठा आवाज होऊन पुढच्या भागाचं छप्पर उडून गेलं. थोडंथोडकं नाही, जवळजवळ १८ फूट लांबीचं! पहिल्या काही रांगांतले प्रवासी अक्षरशः उघड्या आकाशाखाली बसलेले. पट्टे बांधलेले होते म्हणून ते वाचले. एक एअर होस्टेस मात्र उभी होती, ती त्या भगदाडातून बाहेर फेकली गेली आणि पुन्हा सापडली नाही. कॅप्टन शॉर्नस्टायमर आणि फर्स्ट ऑफिसर मिमी टॉम्पकिन्स यांनी तसलं ते विमान माऊई बेटावर काहुलुईला उतरवलं. त्यातही एक इंजिन बंद पडलेलं. बाकीचे ९४ जण जिवंत उतरले.

आता आकडे बघा, कारण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) इथे आहे. हे विमान १९६९ सालचं. अपघाताच्या दिवशी त्याचं उड्डाण झालं होतं ३५,४९६ तास. बोईंगने डिझाईन करताना धरलेलं उद्दिष्ट ५१,००० तासांचं. म्हणजे तासांच्या हिशोबाने विमान तरुण, अजून बरीच वर्षं बाकी! पण त्याच विमानाच्या फेऱ्या, म्हणजे एक उड्डाण आणि एक उतरण मिळून एक, झाल्या होत्या ८९,६८०. उद्दिष्ट होतं ७५,०००. भागाकार करा: एक फेरी साधारण चोवीस मिनिटांची. बेटावरून बेटावर, दिवसभर. दर तासाला जितक्या फेऱ्या बोईंगने देखभालीचं वेळापत्रक आखताना गृहीत धरल्या होत्या त्याच्या जवळपास दुप्पट हे विमान करत होतं. कंपनी मोठी तपासणी बोईंगने सांगितलेल्या २०,००० तासांऐवजी १५,००० तासांना करायची आणि आपण जास्त काळजी घेतो असं समजायची. घड्याळच चुकीचं लावलेलं. धड थकतं ते तासांनी थकत नाही, फुगण्या-बसण्याने थकतं.

फुगणं-बसणं हा शब्द मी उगीच वापरत नाहीये. वर हवा विरळ, आत आपल्याला श्वास घेता यावा म्हणून दाब. त्या ७३७ मध्ये हा फरक चौरस इंचाला साडेसात पौंडांपर्यंत जातो. ऐकायला किरकोळ, पण चौरस मीटरला मांडा, पाच टनांहून जास्त भरतो! आणि हा दाब पेलणारा ॲल्युमिनियमचा पत्रा किती जाड? ०.०३६ इंच, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. सेकंड इयरचं पीडी भागिले दोन टी आठवत असेल तर व्यास पावणेचार मीटर धरून बघा, ताण १०० मेगापास्कलच्या घरात येतो. फ्रेम्स आणि पट्ट्या त्यातला काही वाटून घेतात, पण अंदाज येतो. या मिश्रधातूच्या ताकदीच्या मानाने हा ताण काहीच नाही, जवळपास एक तृतीयांश. एकदा फुगवलात, काही होणार नाही. हजारदा फुगवलात तरी नाही. पण पोलादाच्या एस-एन कर्व्हला जशी शेवटी आडवी रेघ येते, तिच्याखाली राहिलात तर अनंत काळ चालेल अशी, तशी ॲल्युमिनियमला येत नाही. कर्व्ह खाली उतरतच राहतो. त्या आठ मार्कांच्या प्रश्नातली ही एक ओळ. तिचा अर्थ मला सेमिनारपर्यंत कळला नव्हता. ॲल्युमिनियमच्या विमानाला अमरपट्टा मिळत नाही, एवढा साधा अर्थ.

तडे गेले ते पत्र्यांच्या सांध्यावर. एक पत्रा दुसऱ्यावर चढवून केलेला लॅप जॉइंट, मध्ये चिकटवणारं कापड, वरून रिव्हेटच्या तीन रांगा. पहिल्या २९१ विमानांत हे चिकट कापड थंड ठेवून आणायचं आणि खोलीच्या तापमानाला चिकटवायचं अशी पद्धत होती. थंड वस्तूवर दमट हवेत काय होतं ते फ्रीजमधली बाटली बाहेर काढणाऱ्याला माहीत आहे. पाणी धरतं. कुठे कुठे चिकटलंच नाही, कुठे नंतर सुटलं, समुद्राची खारी हवा आत शिरली, गंज चढला. गोंदाने उचलायचा भार रिव्हेटवर आला. रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत बसावीत म्हणून भोकं काउंटरसंक केलेली, आणि पत्रा इतका पातळ की भोकाच्या तळाला सुरीच्या धारेसारखी कड उरलेली. बारीक चिरा तिथून सुरू झाल्या. एका भोकातून नाही, ओळीने अनेक भोकांतून. एकच मोठा तडा असता तर मधल्या पट्ट्यांनी तो अडवला असता, पत्र्याचा एक तुकडा फडक्यासारखा उघडून हवा निघून गेली असती, अशी डिझाईनवाल्यांची अपेक्षा होती. पण शेजारी शेजारी असलेल्या वीस-पंचवीस छोट्या चिरा एकमेकींना गाठतात तेव्हा अडवायला मध्ये काही उरत नाही. पोस्टाचं तिकीट फाडतो तसं. छिद्रांची ओळ असली की कुठून फाटायचं हे कागदाला सांगावं लागत नाही.

इथवर सगळं पुस्तकी आहे. माझं डोकं पुढच्या भागात अडकलं.

या सांध्यांत तडे जातात हे बोईंगला माहीत होतं, कंपनीला माहीत होतं, सरकारलाही माहीत होतं. १९८७ मध्ये बोईंगने तपासणीची सूचना काढली, अमेरिकेच्या एफएएने तिच्यावरून सक्तीचा आदेश काढला. पण सूचनेत जितके सांधे होते त्यातला वरचा एकच, डावा-उजवा, आदेशात सक्तीचा केला. फुटला तो दुसराच, सक्तीत नसलेला! शिवाय जो तपासायचा होता त्याची नजरेने तपासणी झाली, दोन तडे सापडले, दुरुस्त झाले. पण त्यानंतर एडी करंटने जी तपासणी व्हायला हवी होती ती झाल्याची नोंद कागदावर सापडली नाही.

आता तो तपासणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर विमान बेटाबेटांवर फिरतंय, त्यामुळे तपासणी रात्री. सकाळी पहिल्या फेरीला विमान हवंच. हँगरच्या छताला दोर, तो कमरेला, हातात दिवा, आणि विमानाच्या उतरत्या पाठीवर उभं राहून एकेका रिव्हेटभोवती केसाएवढी चीर शोधायची. शंभरावा रिव्हेट, पाचशेवा, हजारावा. सगळे ठीक. पहाटेचे तीन. पुढचाही ठीकच असणार, नाही का? अपघाताची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने आपल्या १९८९ च्या अहवालात कंपनीच्या देखभालीवर ठपका ठेवला, पण अशा कामात माणसाची नजर कशी मरते याबद्दलही लिहिलं. शंभर वेळा काही सापडलं नाही की एकशेएकाव्या वेळी डोळे बघतात पण मन बघत नाही. आपण रात्री दोनला सबमिशनचे आकडे तपासतो तेव्हा काय होतं ते प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आणि ही शेवटची गोष्ट तर मला झोपू देत नाही. त्या दिवशी हिलोला विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळच्या पत्र्यावर रिव्हेटच्या ओळीने गेलेला तडा दिसला होता. त्या कुणालाही काही बोलल्या नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? इंजिनीअर लोकांनी बघितलंच असेल, असं तुम्हीआम्हीही म्हटलं असतं.

आता थोडं मागे जाऊ, १९५४ ला. ब्रिटनची कॉमेट, जगातलं पहिलं प्रवासी जेट. त्या वर्षी जानेवारीत एक एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ हवेतच फुटून समुद्रात पडलं. पहिलं कलकत्ता, कराचीमार्गे लंडनला परत चाललं होतं. फार्नबरोच्या संशोधकांनी तिसरं एक कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आत पाण्याचाच दाब देऊन पुन्हा पुन्हा फुगवलं. (हवा भरली असती तर फुटताना बॉम्बसारखं उडालं असतं.) ते ३,०५७ फेऱ्यांना फुटलं. एल्बाचं १,२९० फेऱ्यांना फुटलं होतं, नेपल्सचं ९०० ला. तीन विमानं एकाच कारखान्यातली, एकाच डिझाईनची. आकड्यांत तिपटीहून जास्त फरक. आणि त्याआधी कारखान्यातल्या चाचणीत धडाचा एक भाग १६,००० च्या आसपास टिकला होता! कारण? त्या भागावर आधी दुप्पट दाबाची चाचणी घेतली होती. त्याने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला जाऊन दाब सोडल्यावर उलटा आवळला गेला, आणि चीर पडायला उशीर झाला. चाचणीनेच नमुना बळकट करून ठेवला. हे वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले.

फटीगचा आकडा असा विस्कळीत असतो. एकाच सळईचे दहा तुकडे घ्या, दहा वेगळी उत्तरं.

आणि आता आमची लॅब. कोपऱ्यात फटीग टेस्टिंगचं मशीन आहे. सुंदर मशीन आहे, धूळ सोडली तर. त्याचा बेल्ट कधी तुटला ते कुणालाच आठवत नाही. प्रयोग मात्र दरवर्षी होतो! जर्नलमध्ये होतो. मी सेमिनारच्या निमित्ताने वरच्या तीन बॅचेसची जर्नल्स हॉस्टेलमधल्या ताईंकडून गोळा केली. तिन्ही बॅचेसमध्ये नमुना तुटला १,४३,२०० फेऱ्यांना. माझ्या जर्नलमध्येही १,४३,२००. खाली निष्कर्ष, खाली सही, तारीख. फटीगमध्ये दोन आकडे सारखे येत नाहीत आणि आमच्याकडे चार वर्षं एकच आकडा. जगात कुठे झाला नसेल असा शोध आपल्या कॉलेजात लागलाय, कुणी पेटंट तरी घ्या!

हसून झालं असेल तर पुढे वाचा.

कॉमेटनंतर विमानवाल्यांनी 'फेल-सेफ' ही कल्पना उचलून धरली. एक भाग तुटला तर दुसऱ्याने भार घ्यायचा. छान कल्पना आहे. १४ मे १९७७ ला झांबियात लुसाकाला उतरताना एका मालवाहू ७०७ ची उजवी आडवी शेपूट तुटून पडली, सहाही जण गेले. विमान चौदा वर्षांचं. शेपटीची मागची कणा-पट्टी रिव्हेटच्या भोकापासून तडकत गेली होती. भार दुसऱ्या भागाने घेतला, अगदी डिझाईनमध्ये म्हटल्याप्रमाणे. पण एक भाग तुटलाय हे कुणी बघितलंच नाही, आणि जी तपासणी ठरवून दिली होती तिने तो तडा दिसण्याजोगाही नव्हता. मग दुसऱ्याने तरी किती दिवस पेलायचं? फेल-सेफ म्हणजे तुटलेलं दिसेपर्यंत मिळालेली मुदत, बस. १९७८ मध्ये अमेरिकेने नियमच बदलला: तडे असणारच असं धरून चाला, ते किती वेगाने वाढतील ते मोजा, आणि घातक होण्याआधी दोनदा-तीनदा तरी नजरेस पडतील अशा अंतराने तपासण्या ठरवा. याला डॅमेज टॉलरन्स म्हणतात. म्हणजे त्या दिवसापासून विमानाची सुरक्षितता अर्धी पत्र्यात आणि अर्धी बघणाऱ्याच्या डोळ्यांत ठेवली गेली. डिझाईनच्या गणितातली एक संख्या म्हणजे रात्री तीन वाजता दोराला बांधलेला तो माणूस. तो बघेल, या भरवशावर समीकरण सुटतं.

ठिगळांची कथा वेगळीच. जपान एअर लाइन्सचं ७४७ ओसाकाला १९७८ मध्ये उतरताना शेपूट घासलं. मागची दाब पेलणारी घुमटासारखी भिंत दुरुस्त करताना जोडपट्टी एकसंध टाकायची ती दोन तुकड्यांत टाकली, त्यामुळे रिव्हेटच्या दोन रांगांचा भार एका रांगेवर आला. वरून दिसायला चोख. ती भिंत त्यानंतर बारा हजारांवर फेऱ्या टिकली आणि १२ ऑगस्ट १९८५ ला फुटली. ५२४ पैकी ५२० माणसं गेली. चायना एअरलाइन्सच्या ७४७ चं शेपूट १९८० मध्ये हाँगकाँगला घासलं. ओरखडे कापून काढायच्या ऐवजी त्यांच्यावर पत्र्याचं ठिगळ मारलं. बावीस वर्षं त्या ठिगळाखाली ओरखड्यांचे तडे होत राहिले. २५ मे २००२ ला विमान हवेत फुटलं, २२५ जण गेले. त्या ठिगळाच्या कडेने तपकिरी डाग होते. विमानात सिगारेट ओढायची परवानगी होती त्या काळातला धूर फटीतून बाहेर येऊन पत्र्यावर बसलेला. जुन्या दुरुस्त्यांच्या पाहणीत त्याचे फोटोही काढले गेले होते, अपघाताच्या काही महिने आधी! फोटो फाईलला लागला. फाईल पूर्ण. डाग का पडला, हे विचारायला फाईलमध्ये रकाना नसावा.

मग उपाय काय? जुनी विमानं भंगारात काढा? आपल्याकडे १७ जुलै २००० ला पाटण्याला अलायन्स एअरचं ७३७-२०० पडलं तेव्हा असाच गदारोळ झाला होता. विमान वीस वर्षांचं, म्हणून सगळ्यांनी वयावर बोट ठेवलं. चौकशीत निघालं की विमान ठीक होतं, उतरतानाची वैमानिकांची पद्धत चुकली होती. वय हे फार सोयीचं उत्तर आहे. ते ठरवायला कॅलेंडर पुरतं, पत्र्याकडे बघावं लागत नाही. अलोहाचं विमान एकोणीस वर्षांचं होतं आणि तासांनी तरुण. साउथवेस्टचं ७३७-३०० फक्त पंधरा वर्षांचं होतं, एप्रिल २०११ मध्ये ॲरिझोनावर त्याच्या छताला पाचेक फुटांचं भगदाड पडलं. बोईंगच्या हिशोबाने त्या जागी फार पुढेपर्यंत बघायची गरजच नव्हती. चौकशीत दिसलं की कारखान्यातच तिथला पत्रा बदलताना रिव्हेटची भोकं नीट जुळली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला आपण वय विचारतो, पण डॉक्टर बीपी बघतो.

मात्र उलट टोकालाही जायला नको. नीट बघत राहिलं की विमान कितीही काळ चालवता येईल, असं नाही. वीस-पंचवीस भोकांतल्या बारीक चिरा सापडण्याइतक्या मोठ्या होईपर्यंत त्या एकमेकींना गाठायला निघालेल्याही असतात. म्हणून अमेरिकेने २०१० मध्ये नियम केला की प्रत्येक मोठ्या विमानाच्या कंपनीने एक मर्यादा जाहीर करायची: चाचण्यांचा पुरावा इथपर्यंत आहे, यापुढे उडवायचं नाही. वय नव्हे, फेऱ्या आणि तास. हे मला पटतं. आपल्याला किती माहीत आहे त्याची हद्द आखणं हेही इंजिनीअरिंगच.

तरीही ४ नोव्हेंबर २०२५ आहेच. लुईव्हिलहून होनोलुलूला निघालेलं यूपीएसचं चौतीस वर्षांचं एमडी-११ धावपट्टी सोडताना डावं इंजिन त्याच्या आधारासकट निखळलं. विमानातले तिघे आणि खाली जमिनीवरची माणसं गेली. एनटीएसबीच्या प्राथमिक अहवालात आधाराच्या मागच्या कानांत फटीगचे तडे असल्याचं आलं. (कान! माझी बादली आठवली.) त्या विमानाच्या फेऱ्या झाल्या होत्या २१,०४३. त्या जागेची खास तपासणी होती २८,००० फेऱ्यांच्या पुढे. म्हणजे तपासणारा कितीही प्रामाणिक असो, त्या जागी नीट बघायला त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. उलटं उदाहरणही देते. २०१९ मध्ये काही जुनी ७३७ मालवाहू करायला उघडली तेव्हा पंख आणि धड जोडणाऱ्या 'पिकल फोर्क' नावाच्या भागात कामगारांना तडे दिसले. हा भाग विमानाच्या आयुष्यभर टिकायचा असं गृहीत होतं. ते लोक तडे शोधायला गेलेही नव्हते! पण दिसलं ते त्यांनी वर कळवलं, आणि वरच्यांनी ऐकलं. लगेच पहिली ८१० विमानं तपासली, ३८ मध्ये तडे निघाले. ही बातमी पेपरात आतल्या पानावर होती, कारण कुणी मेलं नाही.

म्हणून मला राग येतो तो प्लेसमेंटच्या वेळी. डिझाईनची पोस्ट म्हटली की पेढे, मेन्टेनन्सची म्हटली की 'अगं, बघ, पुढे काहीतरी चांगलं मिळेल'. आपल्या नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल होते, आपल्यातलं कुणी उद्या तिथे दिवा घेऊन विमानाच्या पाठीवर चढेलही. घरी सांगताना आपण 'एव्हिएशनमध्ये आहे' म्हणू. तपासणी करतो म्हणणार नाही. जणू बघणं हे कमी डोक्याचं काम!

आणि त्या कामाची आपली तयारी कशी चालली आहे? हॉस्टेलच्या एका मजल्यावर (कुठला ते सांगत नाही) आग विझवायचं नळकांडं टांगलंय. त्याला तपासणीचं कार्ड आहे, दर तिमाहीला एक सही. मी वाचलं तेव्हा चारही सह्या होत्या, एकाच पेनाने. त्यातली चौथी तिमाही अजून उगवायची होती! ज्याने केली त्याच्यावर मी रागावू शकत नाही, कारण १,४३,२०० खाली माझीही सही आहे. सर, मॅडम, तुमचीही आहे. तुम्हाला माहीत होतं की बेल्ट नाही. आम्हाला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे. चार वर्षं, आठ सेमिस्टर, दर विषयाला आठ-दहा प्रयोग. न बघता 'पाहिलं' लिहायचा इतका सराव दुसऱ्या कुठल्याच गोष्टीचा आपल्याला मिळत नाही. साठ मुलांची बॅच, दोन तासांचं प्रॅक्टिकल, परीक्षेच्या आधी दोनशे जर्नलं तपासायची. स्टाफची अडचण मला दिसते. हँगरमधल्या त्या माणसालाही सकाळी पहिली फेरी गाठायचीच होती.

माझं म्हणणं एवढंच की ज्या प्रयोगाचं मशीन बंद आहे त्या पानावर 'मशीन बंद, प्रयोग झाला नाही' असं लिहू द्या आणि त्याखाली सही करा. मार्क कापले तरी चालतील. त्या नोंदीवरून पुढच्या वर्षी कुणी तरी बेल्ट मागवेल. १,४३,२०० वरून कुणीच मागवणार नाही, कारण कागदावर मशीन उत्तम चालू आहे.

बेल्टची चौकशी मी केली आहे. मापाचा नंबर मशीनच्या गार्डच्या आत लिहिलेला आहे, धूळ पुसली की दिसतो. बाजारात तीनेकशे रुपयांना मिळतो, बसवायला आपल्या वर्कशॉपचे मामा तयार आहेत. कॉलेजच्या खरेदीच्या कागदाला टर्म जाणार असेल तर वर्गणी काढू. माझे पन्नास संपादकांकडे देऊन ठेवले आहेत.